कार शो आणि ड्रिफ्ट बघायला जायचंय? बडोदेकरांनी मला विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

गेली आठ-नऊ वर्षं मी जमेल तिथे कार शो, मीट आणि ड्रिफ्ट (गाडी मुद्दाम घसरवत वळणं घ्यायचा खेळ) बघायला जातोय. दांडिया बाजारातले मित्र, ऑफिसातले, सोसायटीतली कॉलेजची पोरं, आता तर मित्रांचे आईबाबा पण, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. मी फक्त प्रेक्षक आहे, ड्रायव्हर नाही, त्यामुळे हे सगळं बॅरिअरच्या अलीकडून लिहिलेलं आहे असं समजा.

बडोद्यात असं काही होतं का, की प्रत्येक वेळी मुंबईच गाठायची?

होतं, पण आपल्याकडे जास्त करून बघण्याच्या गाड्यांचं होतं, पळवण्याच्या नाही. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात 21 गन सॅल्यूट कॉन्कूर्स हा जुन्या गाड्यांचा शो झाला होता, 6 ते 8 तारखेला, आणि ज्यांनी तो चुकवला ते अजून हळहळतात. राजवाड्यासमोरच्या हिरवळीवर जुन्या रोल्स रॉइस आणि बेंटली सकाळच्या उन्हात उभ्या, आणि त्यांच्यात आपण चपला घालून फिरतोय, हे मला तरी परत कुठे मिळालेलं नाही.

बाकी रविवारी सकाळी हायवेवर एखाद्या धाब्यापाशी किंवा अलकापुरीतल्या कॅफेपाशी पंधरा-वीस गाड्या जमतात, त्याला मीट म्हणतात. तिकीट नसतं, स्टेज नसतं, मालक चहा पीत उभे असतात. नवीन माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत. ड्रिफ्टसाठी मात्र आपल्याकडे कायमचा ट्रॅक नाही. एखाद्या मोठ्या मैदानात किंवा पार्किंगमध्ये परवानगी काढून शो होतो, नाहीतर मग मुंबई, पुणे, दिल्ली, कोइम्बतूर. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे खरा, 2021 मध्ये सुरू झाला, पण तो गाड्यांच्या टेस्टिंगसाठी आहे, आपण तिकीट काढून जाऊ अशी ती जागा नाही. हे आधीच सांगतो, कारण दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच की चल ना, इंदूर काय लांब आहे.

कार शो, कॉन्कूर्स, मीट, ड्रॅग, ऑटोक्रॉस, ड्रिफ्ट. हे सगळं एकच का?

नाही, आणि फरक माहीत नसेल तर माणूस चुकीच्या ठिकाणी जाऊन कंटाळतो. कॉन्कूर्समध्ये जुनी गाडी कंपनीतून निघाली तशीच आहे का हे बघतात, म्हणजे बोल्ट पण मूळचा पाहिजे, सीटचं कापड पण त्या काळातलंच पाहिजे. कस्टम शो याच्या बरोबर उलट, तिथे मालकाने काय बदललं, किती डोकं लावलं, काम किती सफाईदार आहे हे बघायचं. ड्रॅग म्हणजे सरळ रेषेत दोन गाड्या, बहुतेक वेळा 402 मीटर, म्हणजे पाव मैल. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन व्हायचा तो हाच प्रकार. ऑटोक्रॉस म्हणजे कोन, म्हणजे प्लास्टिकचे शंकू, लावलेल्या वाटेवरून एकेक गाडी घड्याळाशी स्पर्धा करते. आणि ड्रिफ्टमध्ये घड्याळ नसतंच.

मग ड्रिफ्ट म्हणजे नेमकं काय? नुसता धूर का?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, त्यामुळे इथे जरा लांबेल.

गाडी वळणावर जाताना ड्रायव्हर मुद्दाम मागच्या टायरांची पकड सोडवतो, गाडीची शेपटी बाहेर जाते, आणि मग तो स्टिअरिंग वळणाच्या उलट्या बाजूला धरून, अ‍ॅक्सिलरेटर कमी-जास्त करत ती घसरण सांभाळतो. गाडीचं तोंड एकीकडे आणि गाडी जाते दुसरीकडे, आणि हे अपघाताने नाही तर ठरवून, शेवटच्या कोनपर्यंत. एका जागी उभं राहून टायर जाळणं म्हणजे बर्नआउट, एका जागी गोल गोल फिरणं म्हणजे डोनट, दोन्ही बघायला मजा येते पण ते ड्रिफ्ट नव्हे. खरा ड्रिफ्ट म्हणजे एका वळणातून दुसऱ्या उलट्या वळणात घसरण न तोडता जाणं. त्या मधल्या क्षणाला गाडीचं सगळं वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जातं, गाडी झोका खाल्ल्यासारखी फिरते, ते ज्याने एकदा डोळ्यांनी बघितलं त्याला व्हिडिओ पुरत नाही.

सुरुवात करायच्या तीन पद्धती कायम दिसतील. एक हँडब्रेक, म्हणून या गाड्यांत सीटशेजारी उभा लांब दांडा असतो, तो हायड्रॉलिक असतो आणि मागची चाकं क्षणात लॉक करतो. दुसरी क्लच किक, म्हणजे क्लच पटकन दाबून सोडायचा की मागच्या चाकांना झटका बसतो. तिसरी म्हणजे आधी वळणाच्या उलट्या बाजूला गाडी किंचित फेकायची आणि मग वळणात घ्यायची, वजनाच्या झोक्यावर शेपटी सुटते. ही तिसरी मला सगळ्यात देखणी वाटते.

हे सगळं जपानमधून आलं. 1970 च्या दशकात रेसर कुनिमित्सु ताकाहाशी वळणांवर गाडी अशी सरकवत न्यायचा, ते बघून केइची त्सुचिया नावाच्या पोराने डोंगरातल्या घाटरस्त्यांवर तेच घोटलं, पुढे त्याला लोक ड्रिफ्ट किंग म्हणायला लागले. 2001 साली जपानमध्ये डी1 ग्रांप्री ही सिरीज उभी राहिली, 2004 मध्ये अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्टचा पहिला सीझन झाला. म्हणजे घाटातून निघून बंद ट्रॅकवर, नियम, हेल्मेट आणि जज असलेल्या खेळात आला, आणि वाढला तो तिथे आल्यावरच.

जज मार्क कसे देतात? आम्हाला तर सगळे सारखेच वाटतात.

पहिल्यांदा सगळ्यांना सारखेच वाटतात, घाबरू नका. मुख्य तीन गोष्टी बघा. लाइन, म्हणजे ठरवून दिलेल्या वाटेवरून गाडी गेली का, कोनच्या किती जवळून, बाहेरच्या आखलेल्या पट्ट्यात मागचं चाक पोचलं का. अँगल, म्हणजे गाडी किती आडवी झाली. आणि स्टाइल, म्हणजे किती वेगाने, किती बिनधास्त, मध्ये गाडी सरळ केली का, चाचपडला का. एकट्याच्या राउंडनंतर दोघांची जुगलबंदी असते, त्याला टँडम म्हणतात. पुढचा आपली लाइन चोख धरतो आणि मागच्याने त्याला चिकटून, त्याच्याच अँगलमध्ये, धडक न देता जायचं, मग जागा बदलायच्या. मी नव्या लोकांना एकच सांगतो की टँडममध्ये पुढच्याकडे बघूच नका, मागच्याकडे बघा, त्याला पुढच्याच्या धुरातून काही दिसत नसताना तो दारापासून हातभर अंतर ठेवून चाललेला असतो.

आपली स्विफ्ट ड्रिफ्ट करेल का?

नाही. स्विफ्ट, आय20, बलेनो, आपल्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. हँडब्रेक ओढला तर शेपटी सटकेल पण पुढे ती घसरण चालू ठेवायला मागच्या चाकांना ताकद पाहिजे, ती मिळतच नाही. ड्रिफ्टला रिअर व्हील ड्राइव्ह लागते. बाहेरच्या देशात निसान सिल्व्हिया, टोयोटाची एई86, आपल्याकडे जुन्या बीएमडब्ल्यू थ्री सिरीज जास्त दिसतात.

गंमत म्हणजे आपल्या लहानपणीच्या कितीतरी गाड्या रिअर व्हील ड्राइव्ह होत्या. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, कॉन्टेसा, मारुती ओम्नी, पहिली इनोव्हा. कॉन्टेसावर तर कस्टमवाल्यांचा विशेष जीव, लांब बॉनेट, रुंद तोंड, खाली केली आणि रुंद चाकं घातली की अमेरिकन मसल कारसारखी दिसते. माझ्या काकांकडे इसुझू इंजिनवाली होती, रावपुऱ्यातल्या त्या गल्लीत ती वळायला तीन रिव्हर्स लागायचे, ती त्यांनी विकली तेव्हा मी आठवीत होतो आणि मला खूप रडू आलं होतं. आज शोमध्ये कॉन्टेसा दिसली की मी आधी तिच्याकडे जातो.

हे सगळं बेकायदेशीर नाही का?

बंद जागेत, परवानगी घेऊन, अ‍ॅम्ब्युलन्स आणि फायरवाले उभे करून केलं तर नाही. सार्वजनिक रस्त्यावर केलं तर हो, पूर्णपणे. मोटार वाहन कायद्याचं कलम 189 रस्त्यावरच्या शर्यतीसाठीच आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम 184 वेगळं.

पण दंडाचं सोडा. जुलै 2023 मध्ये अहमदाबादला इस्कॉन ब्रिजवर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, रात्री एक अपघात बघायला जमलेल्या लोकांवर भरधाव गाडी आली आणि 9 जण गेले. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्यातल्या कोणाचीही खाली केलेली किंवा मोठ्या आवाजाची गाडी दिसली की लोक ज्या नजरेने बघायचे ना, ती नजर मी विसरलो नाही, आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. रात्री अकोटा किंवा सुभानपुऱ्याच्या रस्त्यावर पन्नास पोरं मोबाइल काढून उभी राहिली की गाडीवाल्याला चेव येतो, म्हणजे बघणारा पण त्यात असतोच. म्हणून माझा नियम साधा आहे, रस्त्यावर कोणी स्टंट करत असेल तर मी थांबत नाही, शूट करत नाही, कोणी पाठवलेला व्हिडिओ पुढे पाठवत नाही. आणि शो सुटल्यावर बाहेर पडताना गेटवर रेव्ह मारणाऱ्या, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन घुमवणाऱ्या मित्राला तिथल्या तिथे गप्प करतो. मैदानाची परवानगी देणारा अधिकारी आतला सुंदर ड्रिफ्ट बघत नाही, त्याच्याकडे गेटबाहेरच्या गोंधळाची तक्रार पोचते, आणि पुढच्या वर्षी ते मैदान मिळत नाही. हे एका ठिकाणी झालेलं मी स्वतः बघितलंय, दोन वर्षं छान चाललेला शो तिसऱ्या वर्षी झालाच नाही.

मग मॉडिफाइड गाड्या रस्त्यावरून येतात कशा?

बऱ्याच येतच नाहीत, फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून आणतात. कलम 52 प्रमाणे आरसी बुकात लिहिलेल्या कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हे परत स्पष्ट केलं. आणि 2019 च्याच दुरुस्तीनंतर मालकाने असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रंग बदलायचा तर आरटीओत नोंद लागते. काचांतून पुढे-मागे 70 टक्के आणि बाजूने 50 टक्के उजेड आत आला पाहिजे. सायलेन्सरचा आवाज तर अर्ध्या किलोमीटरवरून पोलिसांना कळतो.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. इन्शुरन्स कंपनीला न कळवता बदल केले तर क्लेमच्या वेळी अडकता, आणि आपल्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग धरलेलंच नसतं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने न कळवता सस्पेन्शन खाली करून घेतलं, पुढे साधा अपघात झाला, चूक समोरच्याची, तरी याचा क्लेम महिनोन्‌महिने लोंबकळला.

पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांचं वेगळं. जुलै 2021 पासून व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आलेत, नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात, नोंदणीची फी 20,000 रुपये. त्या रोज ऑफिसला न्यायच्या नाहीत, शो, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच.

ड्रिफ्ट बघताना कुठे उभं राहायचं?

बॅरिअरच्या मागे, आणि बॅरिअरला टेकून नाही. पाण्याने भरलेले प्लास्टिकचे बॅरिअर गाडी आदळली की सरकतात, ते भिंत नाहीत, म्हणून मी त्यांच्यापासून चार-पाच पावलं मागे उभा राहतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीच नको, गाडी सुटली तर ती बाहेरच जाते, हे डोक्यात कायम ठेवा. वळणाच्या आतल्या बाजूची उंच जागा किंवा स्टँड असेल तर बेस्ट, दिसतं पण छान. वारा कुठून येतोय ते पण बघा, धुराच्या तोंडावर उभं राहिलात तर दहा मिनिटांत डोळे चुरचुरतात, केसात रबराचे काळे कण, आणि पांढरा शर्ट घातला असेल तर तो गेलाच. आयोजकांनी बॅरिअर लावलेच नसतील, नुसती दोरी बांधली असेल, तर पैसे गेले तरी चालतील, परत या. मी एकदा आलोय. शहर आणि नाव सांगत नाही, पण दोरीला धरून पाच-सहा वर्षांची मुलं उभी होती आणि समोर गाडी आडवी चालली होती, मला तिथे दोन मिनिटं पण थांबवेना.

लहान मुलांना न्यावं का?

कार शोला नक्की न्या. ड्रिफ्टला पाच-सहा वर्षांच्या वरच्यांना, आणि कानाची सोय केल्याशिवाय नाही. आवाज 85 डेसिबलच्या आसपास असेल तर मोठ्या माणसाचे कान आठ तास सहन करतात, पण त्याच्यावर दर 3 डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. ड्रिफ्टची गाडी जवळून त्याच्या पुढे सहज जाते. मोठ्यांसाठी मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, अगदी थोड्या पैशांत, मुलांसाठी हेडफोनसारखे इअरमफ घ्या, कारण प्लग ती काढून टाकतात. माझ्या भाच्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी हे केलं नव्हतं, रात्री तो सारखा म्हणत होता मामा, कानात शिट्टी वाजतेय, आणि ताई काहीच बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. आता माझ्या बॅगेत दोन इअरमफ कायम असतात, कोणाचं तरी मूल असतंच.

सोबत काय न्यायचं?

टोपी, पाणी, सनस्क्रीन, बूट. चपला नकोत, डांबर तापतं आणि रबराचे तुकडे असतात. पॉवरबँक. रोख थोडी, कारण मैदानात नेटवर्क झोपतं आणि यूपीआय फिरत बसतं.

गाडीला हात लावला तर चालतो का?

नाही. मालक जवळ असेल तर विचारा, नसेल तर हात मागे बांधून बघा. हे कडक वाटेल, पण पॉलिश केलेल्या रंगावर बोटाने फिरवलेली धूळ म्हणजे बारीक सँडपेपरच, आणि पिशवीची चेन, घड्याळ, बेल्टचं बक्कल, जीन्सचं बटण यांनी ओरखडे पडतात. गाडीला टेकून सेल्फी अजिबात नको. आणि बॉनेटवर मूल बसवून फोटो काढणारे दर शोला दिसतात, मालक बिचारा संकोचाने काही बोलत नाही, अशा वेळी आपण बोलावं.

आपल्याकडे कोणाच्या घरी गेलं की आपण सरळ आतल्या खोलीत शिरत नाही ना, तसंच समजा. शोमधली गाडी म्हणजे त्याचं घर उघडं ठेवलेलं आहे.

मालकाशी बोलायचंय पण काय विचारू? मला टेक्निकल काही येत नाही.

येत नाही तेच बरं. किती खर्च आला आणि किती पळते, हे दोन प्रश्न सोडून काहीही विचारा, कारण दिवसभरात दोनशे जणांनी तेच विचारलेलं असतं. मी विचारतो, सगळ्यात जास्त त्रास कोणत्या कामाने दिला? मग माणूस खुलतो. एकदा एका साध्या दिसणाऱ्या ओपल अ‍ॅस्ट्राच्या मालकाला हे विचारलं, मांजलपूरचे पन्नाशीतले काका, तर त्यांनी मला दाराच्या आतलं एक प्लास्टिकचं क्लिप दाखवलं, सात महिने शोधलं होतं ते. आणि मग सांगितलं की ही गाडी इथलीच, हालोलची. खरंच आहे, 1996 पासून अ‍ॅस्ट्रा आपल्या बडोद्याजवळ हालोलच्या जनरल मोटर्सच्या फॅक्टरीत बनायची, 2017 मध्ये ती फॅक्टरी बंद झाली आणि आता तिथे एमजीच्या गाड्या बनतात. काकांचे भाऊ त्याच लाइनवर कामाला होते. रोल्स रॉइससमोर रांग होती आणि या गाडीपाशी मी एकटा, पाऊण तास बसलो होतो.

दिसायला साधी पण आतून जबरदस्त केलेली गाडी असते तिला स्लीपर म्हणतात. एअर सस्पेन्शन, कॉइलओव्हर, रॅप, फिटमेंट हे शब्द कानावर पडतील, कळलं नाही तर लगेच विचारा, यात कोणी हसत नाही, हसलाच कोणी तर त्याच्याशी बोलू नका.

फोटो कसे काढू?

शोमध्ये सकाळी लवकर पोचा, दुपारच्या उन्हात रंगावर नुसती चमक येते. खाली बसून, हेडलाइटच्या उंचीवरून काढा. ड्रिफ्टला कॅमेरा असेल तर शटर 1/125 च्या आसपास ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवा, चाकं फिरती दिसतात आणि मागचं पुसट होतं. सुरुवातीला पन्नासातला एक नीट येतो, तसंच असतं. फोनवाल्यांनी व्हिडिओच घ्यावा. आणि दोन तरी रन फोन खिशात ठेवून बघा.

ऑनलाइन टाकण्याआधी नंबर प्लेट पुसट करा, मालकाला विचारून टाका. काही लोकांना आपली गाडी कुठल्या सोसायटीत उभी असते हे जगाला सांगायचं नसतं.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात बडोद्यात दुपारी बाहेर उभं राहणं म्हणजे आजारपण. फक्त जानेवारीत उत्तरायण असतं हे लक्षात घ्या, 14 तारखेच्या आगेमागे रस्त्यात मांजा आडवा येतो, बाइकवर शोला जाणाऱ्यांनी हँडलवर सळी लावावी आणि गळ्याला जाड रुमाल गुंडाळावा. उघड्या टपाच्या जुन्या गाड्यांचे मालक पण त्या दिवसांत सांभाळूनच काढतात.

महाराष्ट्रातून मित्र येणार आहेत, त्यांना काय सांगू?

गुजरातमध्ये दारूबंदी आहे हे आधी सांगा, गाडीत बाटली ठेवून बॉर्डरवर सापडले तर शो राहील बाजूला. अहमदाबाद-वडोदरा एक्सप्रेसवेवर बाइक चालत नाही, बाइकवाल्यांनी जुन्या हायवेनेच जावं. आणि इतक्या लांबून येतच असतील तर एक दिवस वाढवून अहमदाबादला कठवाड्याचं ऑटो वर्ल्ड बघा, प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह, शंभरावर जुन्या गाड्या, रोल्स रॉइस, बेंटली, मेबॅक. बडोद्यापासून साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिथे गर्दी नसते, शांतपणे एकेका गाडीसमोर उभं राहता येतं.

खायचं म्हणाल तर शोच्या आतलं काही खाऊ नका, महाग आणि गार. सकाळी सेव उसळ खाऊन निघा, आपली बडोद्याची, तर्री वेगळी मागून. पाहुण्यांना मिसळ आणि सेव उसळ यांतला फरक तोंडाने समजावत बसू नका, एक प्लेट पुढे ठेवा.

ड्रिफ्टच्या गाडीत बसायला मिळतं का?

काही इव्हेंटला पॅसेंजर राइड असते, वेगळं तिकीट. हेल्मेट, सीटबेल्ट आणि रोल केज (आतला लोखंडी पाइपांचा पिंजरा) असलेल्या गाडीतच बसा, सही करायच्या फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते वाचा, पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल, गरोदरपण असेल तर नको. आधी पोटभर खाऊ नका. मी एकदाच बसलोय, तीन वळणं, मिनिटभर पण नसेल. आत बसल्यावर कळलं की ड्रायव्हर समोरच्या काचेतून बघतच नव्हता, तो सगळा वेळ बाजूच्या खिडकीतून बघत होता, कारण गाडी तिकडे चालली होती.

मला शिकायचंच आहे, मग?

आधी ऑटोक्रॉस. एफएमएससीआय ही आपल्या देशातली मोटरस्पोर्टची अधिकृत संस्था आहे, तिची मान्यता असलेल्या इव्हेंटमध्ये आपली साधी गाडी घेऊन पण भाग घेता येतो, वेग कमी असतो आणि वजन कसं सरकतं हे अंगात मुरतं. पुढे कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, तिथे ट्रेनिंग होतात. खर्च येतो, हे लपवत नाही. ड्रिफ्टमध्ये तर मागचे टायर एका दिवसात संपतात, एक जोडी नाही, दोन-तीन जोड्या. घरी आईबाबांना लपवून करू नका. त्यांना एकदा इव्हेंटला घेऊन जा आणि आधी हेल्मेट, फायर एक्स्टिंग्विशर, अ‍ॅम्ब्युलन्स दाखवा, गाडी नंतर. माझ्या आईने पहिल्यांदा ते बघितलं आणि विचारलं, या मुलांचे टायर कोण देतं रे?

माझी गाडी शोमध्ये ठेवायची असेल तर?

फॉर्म लवकर भरा, जागा भरतात. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सोबत. आदल्या रात्री धुऊन, चाकांच्या आतून, दारांच्या कडा, बॉनेटखाली पुसून ठेवा, लोक तिथेच वाकून बघतात. पेट्रोल कमी ठेवा, बरेच आयोजक तसं सांगतातच. टायरखाली चटईचे तुकडे टाका. गाडीत काय काय केलंय ते मराठी, गुजराती, इंग्लिश अशा तीन भाषांत एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काचेला आतून लावा, आजोबा लोक थांबून वाचतात आणि मग तेच सगळ्यात छान प्रश्न विचारतात. मायक्रोफायबरचे दोन कपडे ठेवा, एक रंगाला, एक काचेला, आणि दिवसभर गाडीपासून फार लांब जाऊ नका.